जीपच्या चाकांचे नट

लोखंडाच्या मळास अमरकोशांत मण्डूर आणि सिंहाण अशीं दोन नांवें दिलेलीं आहेत. आपले वैद्य त्या मण्डुराचें भस्म करून पांडुरोग्यास देत आले, तेव्हां या मळाचा अगदींच तिरस्कार करण्याचें कारण नाहीं. परंतु तोच मळ मोटारीच्या चाकावरील नटाखालीं जाऊन बसला म्हणजे प्रकरण निराळें होतें. या खेपेस हा रुक्ष दिसणारा विषय घेण्याचें कारण कोंकणच्या किनाऱ्यावरून आलेलें एका वाचकांचें पत्र हें होय.

या वाचकांच्या एकत्र कुटुंबांत १९६४ सालची एक जीप आहे. त्यांच्या वडिलांनीं ती आंब्याच्या बागेच्या कामासाठीं घेतली होती. पुढें कित्येक वर्षें ती गोठ्याशेजारच्या पडवींत पडून होती. गेल्या दोन वर्षांत घरांतील मुलांनीं ती उकलून, कुजलेला पत्रा बदलून आणि इंजिन नीट करवून घेऊन पुनः चालती केली. आतां चार चाकांचे वीस नट तेवढे घ्यावयाचे राहिले आहेत, आणि त्यांवरून घरांत तीन पक्ष पडले आहेत. थोरल्या चिरंजिवांस क्रोमचे चकचकीत नट हवेत. पुतण्या म्हणतो, समुद्राजवळ राहणाऱ्यांनीं स्टेनलेस स्टीलखेरीज दुसऱ्या कशास हात लावूं नये. वडील माणसांचें म्हणणें, जुने नट रॉकेलांत भिजवून, तारेच्या ब्रशानें घासून पुनः बसवावे. साठ वर्षें चालले ते आणखी चालतील. दिवाळीच्या सुटींत आजींसह सगळ्यांनीं घाट चढून कुलदैवतास जावयाचें ठरलें आहे. तेव्हां "न गंजणारा नट कोणता तें सांगावें," असा त्यांचा सरळ प्रश्न आहे.

प्रश्न सरळ आहे, पण त्याची मांडणी थोडी उलटी आहे. चाकाच्या नटाचें पहिलें काम न गंजणें हें नव्हे. अध्यात्मरामायणांत कैकेयीची एक गोष्ट आहे. युद्ध चालू असतां दशरथाच्या रथाच्या आंसाची खीळ निखळली, तेव्हां तिनें त्या भोकांत आपला हात घालून चाक सांभाळलें. तेथें खिळीचें काम आडवें राहून चाकास बाहेर येऊं न देणें एवढेंच होतें. मोटारीच्या चाकाची तऱ्हा वेगळी. पुष्कळांची समजूत अशी असते कीं चाक त्या पांच स्टडांवर खुंटीला कोट टांगावा तसें टांगलेलें असतें. तसें तें नसतें. नट आवळला म्हणजे स्टड केसभर ताणला जातो, आणि ताणलेल्या स्प्रिंगप्रमाणें तो चाकाची तबकडी हबवर घट्ट दाबून धरतो. गाडीचा भार, ब्रेकचा झटका, खड्ड्यांतील आदळआपट हें सर्व त्या दाबांतून उत्पन्न होणाऱ्या घर्षणानें पेललें जातें. तो ताण कमी झाला कीं तबकडी हबवर किंचित् सरकूं लागते, स्टडावर वांकण्याचा भार येतो, आणि वारंवार वांकवलेली तार जशी तुटते तसा तो एके दिवशीं तुटतो. एक तुटला कीं त्याचा वांटा इतर चौघांवर पडतो. म्हणून नटाची परीक्षा करावयाची ती "हा किती वर्षें चमकेल?" अशी नव्हे, तर "हा किती ताण उत्पन्न करील आणि तो किती दिवस राखील?" अशी. गंज वाईट तो यासाठीं कीं तो या ताणांत विघ्न आणतो. केवळ दिसावयास वाईट म्हणून नव्हे.

येथें थोडें गणित केल्यावांचून गत्यंतर नाहीं. शाळामास्तराची संवय वाचक क्षमा करतील. जुन्या जीपचा स्टड अर्धा इंच जाडीचा असतो. समजा, पान्यानें तो नट ७० फूट-पौंड इतक्या जोरानें आवळला. या जोरापैकीं सुमारें निम्मा भाग नटाच्या बुडाशीं होणारें घर्षण खातें. आणखी चार दशांश आट्यांमधील घर्षण खातें. उरलेला एक दशांश तेवढा स्टड ताणण्याच्या उपयोगीं पडतो. रुपयांतले नव्वद पैसे जकातींत जावे असा हा व्यवहार. अशा व्यवहारांत जकात थोडी बदलली तरी हातीं येणारी रक्कम फार बदलते. स्वच्छ, कोरड्या आट्यांत वरच्या जोरानें स्टडांत अजमासें पावणेचार टन ताण येतो. तेच आटे तेलानें माखले तर तो पांच टनांवर जातो. गंजानें खरखरीत झाले असतील तर अडीच टनांवर येऊन थांबतो, आणि पाना धरणाऱ्यास मात्र तिन्ही वेळां हातास सारखाच जोर लागला असें वाटतें! नटावर कोणता मुलामा आहे हा प्रश्न महत्त्वाचा होतो तो याच ठिकाणीं. मुलामा केवळ गंज रोखीत नाहीं, तो घर्षणही बदलतो.

आतां क्रोमचा नट. आपल्या भाषेंत नट हा शब्द रंगभूमीवरच्या माणसालाही लागतो, आणि क्रोमचा नट पाहिला कीं मला त्याचीच आठवण होते. रंग उत्तम, पण तो उतरल्यावर आंत काय निघेल याचा भरंवसा नाहीं. शोभेसाठीं जो क्रोम चढवितात त्याचा थर अतिशय पातळ असतो व त्यांत डोळ्यांस न दिसणाऱ्या भेगा असतात. खरें संरक्षण त्याखालच्या निकेलच्या थरानें होतें. पाना एकदां घसरून कोपरा खरचटला कीं तेथून खारें पाणी आंत शिरतें, आणि निकेल हा लोखंडापेक्षां वरच्या जातीचा धातु असल्यामुळें उघड्या पडलेल्या लोखंडाचा नाश उलट लवकर होतो. शिवाय नटाच्या शंकूसारख्या बुडावर क्रोम असेल तर आवळतांना त्याचे पापुद्रे सुटतात आणि तितका ताण ढिला पडतो. याहून वाईट प्रकार म्हणजे साध्या लोखंडी नटावर पातळ पत्र्याची चकचकीत टोपी दाबून बसविलेली असते तो. गंज हा मूळ लोखंडापेक्षां कित्येक पट अधिक जागा व्यापतो. टोपीखालीं गंज धरला कीं ती फुगते, आणि पाऊस पडत असतां घाटांत चाक पंक्चर झाल्यावर लक्षांत येतें कीं आपला पाना आतां त्या नटावर बसतच नाहीं. थोरल्या चिरंजिवांनीं रागावूं नये. पण घाट चढणाऱ्या गाडीस हे नट मी सुचविणार नाहीं.

पुतण्याचें मत अधिक विचाराचें आहे, म्हणून त्यास अधिक वेळ दिला पाहिजे. १९१३ सालीं इंग्लंडांत शेफील्ड येथें हॅरी ब्रेअर्ली यानें क्रोमियम घातलेलें पोलाद तयार केलें, आणि आज आपल्या स्वयंपाकघरांत जें अठरा-आठचें भांडें आहे तें त्याच घराण्यांतलें. या पोलादाच्या अंगावर क्रोमियमच्या प्राणिदाचा एक अतिसूक्ष्म पापुद्रा आपोआप बनतो, ओरखडा पडला तर हवेंतील प्राणवायु घेऊन पुनः भरून येतो, आणि त्यामुळें आंतील लोखंड सुरक्षित राहतें. ताटवाटीस हा गुण पुरेसा आहे. परंतु नट-स्टडाच्या आट्यांमध्यें मोठ्या दाबाखालीं तोच पापुद्रा घांसला जातो, आंत हवा नसल्यानें लवकर भरून येत नाहीं, आणि उघडा धातु उघड्या धातूस चिकटून बसतो. विशेषतः स्टडही स्टेनलेसचाच असेल तर. अशा रीतीनें अडकलेला नट पुढें सरकत नाहीं नि मागें येत नाहीं. शेवटीं स्टडच पिळवटून तुटतो. लेथवर काम करणारा माझा एक जुना विद्यार्थी म्हणतो कीं गंजलेला नट तापवून, तेल पाजून, ठोकून कसाबसा निघतो, पण असा चिकटलेला स्टेनलेसचा नट छिन्नीनें फोडावा लागतो.

शिवाय बळाचाही प्रश्न आहेच. बाजारांत साधारणतः मिळणाऱ्या स्टेनलेसच्या बोल्टांवर ए२-७० असा शिक्का असतो. त्याचा अर्थ, तुटण्यापूर्वीं दर चौरस मिलिमीटरास ७०० न्यूटन ताण आणि कायमचा लांबण्यापूर्वीं ४५०. मोटारकामाच्या साध्या ८.८ शिक्क्याच्या पोलादाचे हेच आंकडे ८०० आणि ६४० आहेत. म्हणजे स्टडही स्टेनलेसचे करूं म्हणणाऱ्यांनीं मोठीच तूट पत्करली असें होतें. आणि नट तेवढा स्टेनलेसचा, स्टड साध्या पोलादाचा असें केलें तर किनाऱ्यावर दुसरा तंटा उभा राहतो. खाऱ्या पाण्यांत भिन्न जातीचे दोन धातु एकमेकांस चिकटून राहिले कीं त्यांचा एक विद्युद्घट बनतो. वरच्या जातीचा वांचतो, खालच्या जातीचा झिजतो. येथें झिजणार कोण? तर स्टड, ज्याच्यावर चाकाचा सगळा भरंवसा, तो. नट मात्र शेवटपर्यंत चकचकीत राहून पाहणाऱ्यास फसवील.

हाच नियम उलट बाजूनें आपल्या उपयोगीं पडतो. १८२४ सालीं सर हंफ्री डेव्ही या रसायनशास्त्रज्ञानें इंग्रजी आरमारास असें दाखवून दिलें कीं जहाजाच्या बुडास ठोकलेला तांब्याचा पत्रा समुद्राच्या पाण्यानें झिजूं द्यावयाचा नसेल तर त्यास जस्ताचे किंवा लोखंडाचे लहान तुकडे लावावे. ते स्वतः झिजतात आणि तांबें वांचतें. ज्या जहाजावर हा प्रयोग झाला तें 'समरंग' आपल्याच देशांत, कोचीनला बांधलेलें होतें. प्रयोग इतका यशस्वी झाला कीं तो फसला! तांबें पाण्यांत विरघळेना, म्हणून त्याच्या विषानें मरणारे शिंपले आणि शेवाळ जहाजाच्या बुडाला मजेंत चिकटूं लागले, आणि जहाजाची गति मंदावली. असो. लोखंडावर वितळलेल्या जस्ताचा लेप देण्याची रीत पुढें १८३७ सालीं सोरेल या फ्रेंच गृहस्थानें आपल्या नांवें नोंदविली. जस्त हें आपणांस परकें नाहीं. राजस्थानांत उदेपूरजवळ जावर येथें जस्ताचा अर्क काढण्याच्या भट्ट्या युरोपच्या कितीतरी शतकें आधीं चालत होत्या, आणि रसशास्त्राच्या ग्रंथांत त्या क्रियेचें वर्णन आहे.

घरांतल्या माणसांस हा भेद समजून घ्यावयाचा असेल तर न्हाणीघरांतली जस्ताची बादली आणि तेलाचा कल्हईचा डबा शेजारीं शेजारीं ठेवून पाहावे. बादलीस ओरखडा पडला तरी तेथें तांबडा गंज लवकर येत नाहीं, कारण भोंवतालचें जस्त स्वतः झिजून त्या जागेचें रक्षण करतें. डब्यास ओरखडा पडला कीं तेथूनच तो कुजूं लागतो, कारण कथील हें लोखंडापेक्षां वरच्या जातीचें. क्रोमचा नट हा डब्याच्या जातीचा, आणि जस्ताचा नट बादलीच्या. माझा कौल बादलीकडे आहे.

पण बादलीसारखा जाड लेप नटास चालत नाहीं. वितळलेल्या जस्तांत बुडवून काढलेल्या नटावर पन्नास मायक्रॉनांच्या आसपास थर बसतो. बारीक आटे त्यानें बुजून जातात, आणि मग नटाचे आटे मुद्दाम ढिले कापावे लागतात. छपराच्या बोल्टास तें चालेल, चाकास नको. विजेच्या साहाय्यानें चढविलेला जस्ताचा मुलामा आठ-दहा मायक्रॉनांचाच असतो. तो आट्यांस त्रास देत नाहीं, स्वस्तही असतो, आणि पुणें-नगरसारख्या कोरड्या हवेंत पुष्कळ वर्षें टिकतो. किनाऱ्यावर मात्र एक-दोन पावसाळ्यांत त्यावर पांढरी भुकटी येऊं लागते. याचें कारण नुसता पाऊस नव्हे. हवेंतील दमटपणा शेंकडा पंचाहत्तरांच्या वर गेला कीं मीठ आपण होऊन पाणी ओढून घेतें. कोंकणांत पावसाळ्याचे चार महिने ही मर्यादा ओलांडलेलीच असते, म्हणून गाडी पडवींत उभी असली तरी तिच्या नटांवर बसलेलें मीठ रात्रंदिवस ओलेंच राहतें. अशा ठिकाणीं जस्त-निकेलच्या मिश्र मुलाम्याचा नट घ्यावा. त्यांत निकेल शेंकडा बारा ते पंधरा असतें. नाहींतर जस्ताच्या सूक्ष्म पापुद्र्यांचा लेप देऊन भट्टींत भाजलेला, राखाडी रंगाचा नट घ्यावा. मिठाच्या फवाऱ्याच्या परीक्षेंत साधा जस्ताचा मुलामा साधारणतः शंभर-दोनशे तासांत हार खातो, आणि हे दोन प्रकार पांचशे तासांच्या पलीकडे जातात. तासांचें हें प्रमाण वर्षांस जसेंच्या तसें लावूं नये. पण क्रम त्यावरून कळतो. दिसावयास हे नट अगदीं सामान्य, राखेनें घांसलेल्या पितळीसारखे फिके. चिरंजिवांस ते आवडणार नाहींत हें मला ठाऊक आहे.

येथें एक धोक्याची सूचना. जुने स्टड "जरा जस्त चढवून द्या" म्हणून कोपऱ्यावरच्या मुलाम्याच्या दुकानांत देऊं नयेत. मुलामा देण्यापूर्वीं धातु आम्लांत धुतात, नंतर विजेच्या हौदांत टांगतात. या दोन्ही क्रियांत उज्ज वायु म्हणजे हायड्रोजन पोलादांत शिरतो. मऊ पोलादास त्याचें कांहीं वाटत नाहीं. परंतु पाणी देऊन कठीण केलेल्या पोलादांत तो ठिसूळपणा आणतो, आणि गंमत अशी कीं आवळतांना कांहीं कळत नाहीं; कांहीं तासांनीं किंवा कांहीं दिवसांनीं, गाडी उभी असतांनाही, स्टड कट्कन् तुटूं शकतो. चांगल्या कारखान्यांत मुलामा दिल्यावर लगेच असा माल दोनशे अंशांच्या आसपास कित्येक तास भाजून तो वायु बाहेर काढतात. कोपऱ्यावरचा दुकानदार तें करील याची खात्री कोणी द्यावी? नट हे स्टडांपेक्षां मऊ असल्यानें त्यांना ही भीति कमी. तरी स्टड बदलावयाचे असतील तर तयार मुलाम्याचे, शिक्का असलेले, नवेच घ्यावे.

अशा गोष्टी निघाल्या कीं आमच्या मित्रमंडळींत कोणीतरी दिल्लीच्या लोहस्तंभाचें नांव काढतोच. सोळाशें वर्षें तो उघड्यावर उभा आहे, मग आमच्या नटांनींच काय पाप केलें? स्तंभाचा अभिमान मलाही आहे. कानपूरच्या तंत्रशास्त्र संस्थेंतील प्रा. बालसुब्रमण्यम् यांनीं त्याचा मोठा अभ्यास केला. त्या लोखंडांत स्फुर म्हणजे फॉस्फरस अधिक असल्यानें त्याच्या अंगावर एक रक्षक थर तयार झाला, असें त्यांनीं दाखविलें. पण तोच स्फुर पोलादास ठिसूळ करतो, म्हणून आजचे कारखानदार तो मुद्दाम काढून टाकतात. स्तंभास कोणी आवळीत नाहीं, खड्ड्यांतून नेत नाहीं, आणि दिल्लीची हवा मालवण-देवगडची नव्हे.

वडील मंडळींच्या पक्षाविषयीं मला आदर आहे, कारण जुन्या नटांत एक गोष्ट बहुधा बरोबर असते : ते त्याच गाडीचे असतात. जीपच्या चाकास पांच स्टड, त्यांचें वर्तुळ साडेपांच इंचांचें, आणि आटे इंचास वीस. पुढें निघालेल्या अनेक गाड्यांचे स्टड बारा मिलिमीटरांचे, आट्यांचें अंतर सव्वा मिलिमीटर. इंचास वीस म्हणजे १.२७ मिलिमीटर. फरक केवळ दोन शतांश मिलिमीटरांचा! बारा मिलिमीटरांच्या स्टडावर अर्ध्या इंचाचा नट चढविला तर तो हातानें सुरेख फिरत आंत जातो, पान्यानें आवळल्यासारखाही होतो. पण आट्यांची पकड निम्मीसुद्धां नसते. आपल्याकडे जुन्या जीपांना कोणत्या गाडीचा आंस कोणत्या काळीं बसविला गेला याचा पत्ता नसतो. म्हणून नट घेण्यापूर्वीं पुढच्या व मागच्या दोन्ही आंसांचे स्टड कॅलिपरनें मोजावे आणि आट्यांचा गेज लावून पाहावा. दुकानदाराच्या "बसतोय कीं साहेब" या शब्दावर जाऊं नये.

दुसरें, उलटे आटे. १९४१ पासून अमेरिकेंत टोलेडो येथें विलिस कंपनीनें लष्करासाठीं ज्या जीपा बांधल्या, त्यांच्या डाव्या बाजूच्या चाकांस डाव्या हाताचे आटे होते, आणि स्टडाच्या टोंकावर त्याची खूण म्हणून इंग्रजी 'एल' हें अक्षर कोरलेलें असे. चाक फिरतांना नट सैल होण्याचा जो कल असतो तो डाव्या बाजूस उलट दिशेचा असतो, अशी त्यामागची समजूत. मुंबईंत १९४७ पासून महिंद्रांनीं जीपा जोडण्यास आरंभ केला, त्या याच घराण्यांतल्या. तेव्हां आपल्या गाडीच्या डाव्या बाजूस काय आहे तें डोळ्यांनीं पाहावें. वीसच्या वीस नट सरळ आट्यांचे मागवून नंतर डोक्याला हात लावण्यापेक्षां दहा-दहा मागविणें बरें. आणि डाव्या बाजूचा नट सोडतांना पाना नेहमींच्या दिशेनें जोरानें फिरवून चांगला स्टड पिळणारे महाभाग प्रत्येक गांवांत असतात. त्यांना आधींच सांगून ठेवावें.

मात्र जुन्या नटांचें बूड तपासल्याखेरीज ते बसवूं नयेत. शंकूचा उतार झिजून त्यावर पायरी पडली असेल, आट्यांचे माथे चपटे झाले असतील, किंवा कोपरे गोल होऊन पाना घसरत असेल, तर ते नट कितीही घांसले तरी निवृत्तच करावे. गंजानें खाल्लेल्या आट्याला घांसून मांस भरत नाहीं. नवा नट आपल्या चाकांत नीट बसतो कीं नाहीं हें पाहण्याची एक सोपी युक्ति माझ्या त्या विद्यार्थ्यानें सांगितली. कपड्यांची नीळ थोड्या तेलांत दाट कालवावी, नटाच्या शंकूवर बोटानें पातळ फांसावी, नट हलका आवळून पुनः सोडावा. चाकाच्या भोकाच्या कडेवर निळी कडी अखंड उमटली तर बैठक बरोबर. एकाच बाजूस डाग पडला किंवा रेघेएवढीच कडी उमटली तर त्या नटाचा शंकु वेगळ्या कोनाचा आहे, किंवा तो गोल बुडाचा आहे. तो दुकानांत परत करावा. परीक्षा झाल्यावर नीळ आणि तेल दोन्ही स्वच्छ पुसून काढावीं. नटाचे आटे स्टडावर निदान स्टडाच्या जाडीइतके, म्हणजे अर्धा इंच तरी, चढले पाहिजेत. टोंक बंद असलेला नट पाऊस आंत येऊं देत नाहीं हें खरें, पण स्टड लांब असेल तर त्याचें टोंक नटाच्या टाळूस टेकतें, पाना घट्ट लागतो आणि चाक मात्र सैलच राहतें. म्हणून बंद नट घ्यावयाचा तर आंतील खोली काडीनें मोजून घ्यावी. मला स्वतःला उघडेच नट पसंत आहेत.

पत्रांत लिहिलें आहे कीं चाकांना जाड रंगाचा भट्टींतला लेप दिला आहे. हा लेप भोकांच्या शंकूवर आणि तबकडीच्या मागच्या, हबला टेकणाऱ्या अंगास असेल तर तो खरवडून काढावा. दाबाखालीं रंग हळूहळू पसरतो, चिरडतो, आणि तो जितका पातळ होतो तितका स्टडाचा ताण उतरतो. नव्यानें रंगविलेल्या गाड्यांचीं चाकें सैल होतात तीं बहुधा याच कारणानें, आणि दोष मात्र बिचाऱ्या नटावर येतो. उघड्या पडलेल्या जागेस अगदीं पातळ प्रायमरचा हात पुरे.

नट आवळतांना आटे स्वच्छ आणि कोरडे असावे; गाडीच्या पुस्तकांत दिलेला आंकडा बहुधा तशा आट्यांसाठींच असतो. तेल किंवा ग्रीस लावून तोच आंकडा गांठला तर वर सांगितलेला पांच टनांचा प्रकार होतो. नटावर निसरडा लेप असेल, जसा त्या राखाडी नटांवर पुष्कळदां असतो, तर विकणाऱ्याकडून त्याचा आंकडा मागून घ्यावा. एक सोडून एक अशा क्रमानें, पांच टोंकांची चांदणी काढावी तसे, दोन-तीन फेऱ्यांत आवळावे. शेवटची फेरी आंकडा दाखविणाऱ्या टॉर्क-पान्यानें. त्यानंतर बाहेर उरलेल्या आट्यांवर मेणाचा किंवा ग्रीसचा पातळ हात फिरवावा, तो आंत जाऊं देऊं नये. पन्नास ते शंभर किलोमीटर गेल्यावर पुनः एकदां पाना लावून पाहावा. घाट चढण्यापूर्वीं गाडी गांवांतल्या गांवांत तेवढी फिरवून घेतली तर हें काम घरच्या अंगणांतच उरकतें.

वाळूवरून किंवा खाडीच्या पाण्यांतून गाडी गेली तर त्याच दिवशीं विहिरीच्या पाण्यानें चाकें धुवावीं, नटांच्या कडा विसरूं नयेत. वर्षांतून एकदां, पावसाळा संपल्यावर, एकेक चाक उतरवून आटे कोरड्या ब्रशानें साफ करावे. नट दोन निराळ्या डब्यांत ठेवावे, डाव्या बाजूच्यांवर रंगाचा ठिपका द्यावा. आणि वीसांऐवजीं चोवीस नट मागवावे, दोन सरळ आट्यांचे नि दोन उलट्या आट्यांचे अधिक. उलट्या आट्यांचा नट आजकाल तालुक्याच्या गांवीं सहसा मिळत नाहीं.